पणजीचे नाव बाळाला ठेवायचे असेल तर

पुण्यातल्या बारशांच्या निमंत्रणांत गेल्या काही वर्षांपासून रमा, राधा, मुक्ता, अहिल्या, मल्हार, केशव, माधव ही नावे पुन्हा दिसू लागली आहेत. संगीता-सुनीता आणि राजेश-प्रशांत यांच्या पिढीने आजी-आजोबांची म्हणून जी नावे बाजूला सारली आणि त्यापुढच्या पिढीने ज्यांच्याऐवजी अर्थ विचारल्यास आई-वडिलांनाही सांगता येऊ नये अशी दोन अक्षरी नावे पसंत केली, तीच ही नावे आहेत. त्यांचे परतणे मला मनापासून आनंदाचे वाटते. मात्र जुने नाव कानाला गोड लागले म्हणून एखाद्या यादीतून उचलणे वेगळे आणि आपल्याच घरातल्या एका माणसाचे नाव शोधून काढून ते बाळाला देणे वेगळे. पुढे सांगितले आहे ते या दुसऱ्या मार्गाविषयी.

शोधाला बाळ जन्मण्यापूर्वीच लागावे. डोहाळजेवणाला दोन्ही घरांतल्या वयस्क स्त्रिया एकत्र येतात, आणि तीच विचारण्याची सर्वांत सोयीची वेळ असते. बाळाला चार पणज्या असतात, दोन आईकडच्या आणि दोन वडिलांकडच्या. त्या काळी लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत बहुतेक घरांत असल्यामुळे या चौघींची मिळून आठ नावे असू शकतात, आणि त्यांतली निम्मी नातवंडांनी कधी ऐकलेलीही नसतात. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झालेल्या बाया कर्वे माहेरी गोदू होत्या. इतक्या प्रसिद्ध स्त्रियांची पहिली नावे जिथे फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाहीत, तिथे आपल्या पणजीचे पहिले नाव आपोआप कानावर येईल अशी आशा धरू नये. म्हणून ‘पणजीचे नाव काय होते?’ एवढेच न विचारता ‘माहेरी त्यांना काय म्हणत?’ असे मुद्दाम विचारावे. मुलीसाठी जुने नाव शोधणाऱ्यांनी तर या हरवलेल्या माहेरच्या नावांनाच पहिला मान द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते नाव त्या मुलीला तिच्या आई-वडिलांनी दिलेले होते आणि लग्नाच्या दिवशी तिला न विचारता ते काढून घेतले गेले होते.

सांगणारे कोणी उरले नसेल, तर माळ्यावरची भांडी खाली काढावीत. तांब्याच्या काठाखाली, डब्याच्या झाकणावर किंवा परातीच्या मागच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी नावे घातलेली असतात. ‘चि. द्वारका हिस मामाकडून’ अशा धाटणीचा तो मजकूर असतो आणि सोबत पुष्कळदा तिथी किंवा सालही असते. चिंच आणि मीठ लावून झाकण हलक्या हाताने चोळले की काळपट थरातून अक्षरे वर येतात. ती उजेडात तिरपी धरून वाचावीत, कारण झिजलेले ठिपके समोरून दिसत नाहीत. आहेराच्या भांड्यांवर वधूचे माहेरचे नाव सापडण्याची शक्यता अधिक असते, कारण ती देणाऱ्यांना ती त्याच नावाने ठाऊक असे. याखेरीज जुन्या फोटोंच्या मागचा मजकूर, शाळेचा दाखला आणि गावाकडच्या जमिनीचे फेरफार पाहावेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत अनेक घराण्यांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असते. पुरुषांची नावे तिथे सहसा मिळतात. स्त्रियांची मिळालीच, तर बहुधा सासरची मिळतात.

घरात काहीच हाती लागले नाही, तर पुणे आणि परिसर या बाबतीत श्रीमंत आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. आळंदीमुळे मुक्ता हे नाव इथे घरोघरी ठाऊक आहे. पण पुण्याची आणखी एक मुक्ता आहे: फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, जिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. मुलीचे नाव मुक्ता ठेवणाऱ्यांनी तिला या दोघींविषयी सांगावे. जना, सोयरा, बहिणा, सावित्री, गोदावरी, सगुणा ही नावेही बारशाची वाट पाहत आहेत, आणि मुलांसाठी श्रीधर, यशवंत, एकनाथ, रघुनाथ ही नावे आजही तितकीच भारदस्त वाटतात.

सापडलेले प्रत्येक नाव मात्र परत आणण्याजोगे नसते. मुलगी नको होती म्हणून ठेवलेले ‘नकुशी’ हे नाव २०११ साली सातारा जिल्ह्यात मोहीम काढून, अनेक मुलींना नवी नावे देऊन बदलण्यात आले. असे नाव पणजीचे निघाले, तर तिची आठवण दुसऱ्या रीतीने जपावी. धोंडू, दगडू, केरू या नावांचे तसे नाही. आधीची मुले दगावलेल्या घरांत, हे तरी जगावे म्हणून, दृष्ट लागू नये अशा भावनेने ती ठेवली जात. अधिक मासात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणत. त्यांत तिरस्कार नव्हता, भीती आणि माया होती. तरीही वर्गातली चिडवाचिडवी सोसायची असते ती मुलाला, म्हणून ही नावे व्यवहारात आणण्यापूर्वी फार विचार करावा.

नाव निवडल्यावर ते पूर्ण उच्चारून पाहावे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव महाराष्ट्रातील सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, अशा क्रमाने लिहायचे आहे. दत्तात्रेय किंवा ज्ञानेश्वर यांसारख्या भरगच्च नावापुढे आई-वडिलांची नावेही लांब असतील, तर ते हजेरीच्या ओळीत मावते का आणि एका दमात म्हणता येते का, हे आधीच पाहिलेले बरे. ‘बाई’, ‘पंत’, ‘राव’ ही आदरार्थी जोड जन्मदाखल्यावर सहसा घालू नये. रमाबाईंची पणती रमा असावी. रोमन अक्षरांतील लेखनही सुरुवातीलाच ठरवावे. ‘ज्ञ’ मराठी माणूस एका रीतीने लिहितो आणि हिंदी भाषक दुसऱ्या, आणि ‘ळ’ला रोमन लिपीत वेगळे अक्षरच नाही. हाक मारायचे रूप कोणते होईल, तेही मनाशी ठेवावे: यमुनेची यमू आणि गोदावरीची गोदा घरात होणारच, आणि ती रूपे गोडच आहेत.

घरातल्या मोठ्यांशी बोलणे हा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्यासाठी पुरेसा वेळ ठेवावा. अनेक घरांत हयात माणसाचे नाव बाळाला ठेवत नाहीत. ते निवडायचे असेल, तर प्रथम त्यांनाच विचारावे. जुन्या वळणाच्या सासूबाई सासऱ्यांचे नाव उच्चारत नाहीत, मग नातवाला त्याच नावाने रागावणे दूरच राहिले. अशा घरांत आजोबांचे नाव मिळालेला मुलगा जन्मभर ‘बाळ’ किंवा ‘अप्पा’ म्हणून ओळखला गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘तुम्ही त्याला या नावाने हाक माराल का?’ असा प्रश्न आजींना आधीच विचारावा आणि त्यांचा संकोच खरा असेल, तर सासऱ्यांच्या वडिलांचे किंवा आजींच्या माहेरकडचे नाव घ्यावे. नाव आत्या ठेवते, म्हणून तिलाही आयत्या वेळी कळवू नये. एखाद्या चुलत भावंडाने तेच नाव मनात धरले आहे का, याची चौकशीही याच टप्प्यावर करावी.

पत्रिकेतले अक्षर जुळत नाही म्हणून पुष्कळ जण जुने नाव सोडून देतात. तसे करण्याचे कारण नाही. रोहिणी नक्षत्राची चरणाक्षरे ओ, वा, वी, वू अशी आहेत, आणि त्यांतून ‘यमुना’ निघणार नाही हे खरे. परंतु नामकरणाच्या विधीत कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे अशी चार नावे ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिली जातात. नक्षत्राचे नाव पत्रिकेसाठी ठेवावे आणि पणजीचे व्यवहारासाठी. याच्या उलट करून पणजीचे नाव फक्त पाळण्यात उच्चारायचे आणि दाखल्यावर दुसरेच घालायचे, ही तडजोड मी सुचवणार नाही, कारण ज्या नावाने कोणी हाक मारत नाही ते वर्षभरात घरच्यांनाही आठवत नाही.

नोंदणीची घाई करू नये. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. मात्र ती नावाशिवायही होते, आणि नाव नंतर घालता येते. महाराष्ट्रातील नियमांनुसार बारा महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क नाही आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. रुग्णालयाचा अर्ज भरताना नाव पक्के नसेल, तर ती जागा रिकामी ठेवावी. एकदा नोंदलेले नाव केवळ मन बदलले म्हणून दाखल्यावर बदलून मिळत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा अनेक कामांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. म्हणून महापालिकेच्या कार्यालयात अर्ज देण्यापूर्वी देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही अक्षरे दोघांनी वाचून घ्यावीत आणि दाखला हाती आला की तिथेच पुन्हा तपासावीत. दाखल्याच्या प्रतीसोबत एका कागदावर नाव मुळात कोणाचे होते, तिचे माहेर कुठल्या गावचे, लग्नानंतर तिला कोणत्या नावाने ओळखत आणि ही माहिती कोणी दिली, हे लिहून ठेवावे. भांड्यावर नाव सापडले असेल, तर त्याचा फोटोही त्यासोबत ठेवावा.