पॉलिकार्पचं चरित्र दहा मिनिटांत सांगायचं तर

फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेची धामधूम असते. तिच्या मागून येणारा संत पॉलिकार्पचा, म्हणजे दुसऱ्या शतकात हुतात्मा झालेल्या स्मुर्णाच्या बिशपचा दिवस, 23 फेब्रुवारी, बहुधा राहूनच जातो. संडे स्कूलमध्ये किंवा मिस्सेनंतर त्याचं चरित्र सांगणार असाल, तर जन्मापासून सुरुवात करू नका. त्याच्या बालपणाबद्दल खात्रीचं हाती काहीच नाही, आणि भाकडकथा शिरतात त्या तिथूनच.

हजारेक शब्द लिहून काढा. सावकाश बोललं की मिनिटाला शंभर होतात. आधी एखाद्या मुलाकडून प्रकटीकरण 2:8-11 वाचून घ्या, म्हणजे स्मुर्णा हे नाव कानावर पडेल. भिंतीवरच्या नकाशात ते तुर्कस्तानातलं इझमीर म्हणून दाखवा.

पहिल्या चार मिनिटांत एवढंच: तो प्रेषित योहानाचा शिष्य होता असं दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस सांगतो, आणि इरेनियसने लहानपणी त्याला स्वतः ऐकलं होतं. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने मृत्युदंडासाठी रोमला नेलं जात असताना वाटेत त्याला पत्र लिहिलं. म्हातारपणी तो रोमला जाऊन बिशप अनिसेटसला भेटला. पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी पाळायचा यावर दोघांचं जमलं नाही, तरी अनिसेटसने प्रभुभोजनाचा विधी त्यालाच चालवायला दिला. शरणपूरपासून नाशिकरोडपर्यंत वेगवेगळ्या पंथांची माणसं समोर असतील, तर हा प्रसंग अजिबात गाळू नका.

उरलेली सहा मिनिटं मृत्यूची. इथे आधार स्मुर्णाच्या मंडळीने फिलोमेलियम या गावातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा; त्यातला क्रम मोडू नका. शेतघराच्या माडीवर अटक झाली. पकडायला आलेल्यांना त्याने जेवू घातलं, प्रार्थनेला एक तास मागितला आणि दोन तास केली. मग गाढवावरून शहरात, तिथून क्रीडांगणात. ‘नास्तिकांचा नाश असो’ म्हण, असं सुभेदार त्याला सांगतो. देवतांना न मानणारे म्हणून ख्रिस्ती लोकच तेव्हा नास्तिक ठरत, हे आधी समजावा, नाहीतर पुढचा टोला वाया जातो. पॉलिकार्प गर्दीकडे बघतो, तिच्या दिशेने हात हलवतो, उसासा टाकून वर पाहतो आणि तेच वाक्य म्हणतो. हा हात श्रोत्यांकडे करू नका. इतर धर्मांचे शेजारीही बसलेले असतात. बाजूच्या भिंतीकडे करा.

मग त्याला जिवंत जाळायला चिता पेटवतात. ज्वाळा वाऱ्याने फुगलेल्या शिडासारख्या त्याच्याभोवती उभ्या राहिल्या, असं पत्र म्हणतं. शीड न पाहिलेल्या मुलांसाठी ओढणीची दोन टोकं धरून पंख्यासमोर उभे राहा. आत देह कसा दिसत होता? भट्टीतल्या सोन्या-चांदीसारखा. सराफ बाजारातल्या पोरांना हे सांगावंच लागत नाही. शेवटी कट्यारीने त्याला मारलं.

चुका ठरलेल्या आहेत. पकडणारा हेरोद हा शहराचा पोलीस अधिकारी, येशूच्या काळातला राजा नव्हे. ख्रिस्ताला शिव्या दे म्हटल्यावर पॉलिकार्प म्हणतो, ‘86 वर्षं मी त्याची सेवा केली’; हे वय की बाप्तिस्म्यापासूनची वर्षं, यावर एकमत नाही. वाक्य आहे तसं ठेवा. मृत्यूचं साल बहुधा 155 किंवा 156 धरतात. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस मात्र ते दहाएक वर्षं पुढे नेतो, म्हणून ‘सुमारे’ म्हणा. जखमेतून कबूतर निघालं हे पत्राच्या काही प्रतींत आहे, युसेबियसने दिलेल्या पाठात नाही, गाळलेलं बरं. यहुद्यांनी लाकडं गोळा केली हा भागही मुलांपुढे नको, त्यातून एका समाजाबद्दल अढी तेवढी उरते. कुणी कबुतराबद्दल विचारलंच, तर दोन्ही पाठ सांगून मोकळे व्हा.