कुत्रा पाळायचाय? आधी या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मुलांचा हट्ट सुरू होतो, आपण कुत्रा आणूया ना, आणि बरेचदा आठ दिवसांत पिल्लू घरी येतंसुद्धा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कारण शाळा आणि क्लास परत सुरू झाल्यावर सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार हे कोणी विचारलेलंच नसतं. कुत्रा आवडतो का हा प्रश्नच नाही हो, आवडतो सगळ्यांनाच. घरातला एक मोठा माणूस पुढची बारा-चौदा वर्षं त्याचं रोजचं सगळं करणार आहे का, एवढंच बघायचं. मुलांच्या भरवशावर अजिबात नको, आज सहावीत असलेला मुलगा कॉलेजला पुण्याला निघून जाईल तेव्हा कुत्रा म्हातारा होऊन इथेच असेल.

माझं ऐकाल तर आधी महिनाभर कुत्र्याशिवाय त्याचं टाइमटेबल पाळून बघा. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खाली फिरायचं, पाऊस असो, पाहुणे असोत, रविवार असो. ज्याला हे जमलं तो तयार आहे. दोन आठवड्यांत कंटाळा आला तर थांबा, त्यात काही वाईट नाही.

दुसरी चूक म्हणजे फार लहान पिल्लू घेणं. "महिन्याचं आहे, लवकर लळा लागेल" असं विकणारे सांगतात, ते ऐकू नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांमधे बंदी आहे आणि त्याला कारण आहे, चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आई आणि भावंडांसोबत खेळतानाच शिकतं. लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. हा कोर्स पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत फिरवू नका, पार्वो नावाच्या विषाणूच्या आजारानं पिल्लं दोन-तीन दिवसांतसुद्धा जातात.

आता जातीबद्दल. फोटो बघून हस्की आणायचा मोह खूप जणांना होतो पण तो बर्फातला कुत्रा आहे, आपल्या इंदूरला मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. पगचं वेगळंच, नाक चपटं, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणं त्याला जमत नाही, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. एसी दिवसभर चालू ठेवणं परवडणार नसेल तर सरळ देशी पिल्लू दत्तक घ्या, आपल्या हवेला ते सोसतं, हुशार असतं आणि प्रेमात तर कुठेच कमी नाही. कुठलाही कुत्रा असला तरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार.

गावाला जाण्याचा विचार तर कोणीच करत नाही! आपल्यातले बरेच जण लग्नकार्याला पुण्या-मुंबईला जातात. ट्रेनमधे मोठा कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या बॉक्समधे एकटा. म्हणून तुम्ही नसताना घरी येऊन राहील असा एक माणूस आधीच ठरवून ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, स्वतःचा फ्लॅट असेल तर सोसायटी कुत्रा ठेवायला बंदी करू शकत नाही, पण त्याची घाण उचलणं तुमचंच काम, पिशवी खिशात हवीच, स्वच्छतेत इतकी वर्षं पहिलं आलेलं शहर आहे आपलं.

पिल्लू आधीच आणलंय आणि गडबड होतेय? रात्री रडत असेल तर पहिले काही दिवस तुमच्या पलंगाशेजारी झोपवा, गॅलरीत बांधू नका. घरात शू करत असेल तर रागावून काही होत नाही, दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरूच शकत नाही, म्हणून झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच एका ठरलेल्या जागी न्या, लसी पूर्ण होईपर्यंत घरातच गॅलरीत किंवा बाथरूममधे आणि नंतर बाहेर, आणि तिथे केली की शाबासकी द्या. उलट्या-जुलाब होत असतील तर घरातलं खाणं आठवा, चॉकलेट, कांदा-लसूण आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. असं काही पोटात गेलंय वाटलं तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या. आजीला भीती वाटत असेल तर तिच्यावर जबरदस्ती नको, तिच्या खोलीला जाळीचं छोटं दार लावा, ती स्वतःहून जवळ येईल तेव्हा येईल.

आणि खरंच झेपत नसेल तर रस्त्यावर सोडू नका, प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं तो गुन्हा आहे आणि घरात वाढलेला कुत्रा गल्लीतल्या टोळीत टिकत नाही. ओळखीतलं चांगलं घर शोधा, आधी दोन-तीनदा त्यांच्याकडे घेऊन जा, मग लसीकरणाचं कार्ड, त्याचं अंथरूण आणि आठवडाभराचं नेहमीचं खाणं सोबत द्या.