धरणाखालच्या नदीतील कीटकांची पाहणी कशी करावी

कोयना धरणाने दोन नद्या बदलल्या. शिवसागर या धरणाच्या जलाशयातील बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून, वीज निर्माण झाल्यावर वाशिष्ठीत सोडले जाते. त्यामुळे कऱ्हाडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचे पाणी घटले आणि वाशिष्ठीला मूळचे नसलेले पाणी मिळू लागले. म्हणून पाहणीआधी आपली जागा कोणत्या बाजूची आहे, हे नोंदवहीत लिहावे.

तुलनेसाठी जलाशय घेऊ नये, कारण तेथे वाहती नदी उरलेलीच नसते. धरण नसलेल्या जवळच्या ओढ्यातील खळाळ, म्हणजे गोट्यांवरून उथळ पाणी वेगाने वाहते तो भाग, निवडावा आणि धरणाखालचा खळाळही तेवढाच खोल, तसल्याच गोट्यांचा घ्यावा. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूस धरून तिच्या वरच्या अंगाचा तळ तीन मिनिटे पायाने ढवळावा व जाळीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतावा. एखादा गोटा हळूच उलटून पाहावा: मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची चपटी पिल्ले तुरुतुरु पलीकडच्या बाजूला पळतात, तर कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळीचे इवलेसे रेशमी जाळे खाचेत ताणलेले दिसते.

नुसत्या संख्येवर भरवसा ठेवू नये. जलाशयातून वाहत येणाऱ्या सूक्ष्म प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या जीवांवर) जगणाऱ्या जाळेवाल्या अळ्या धरणाखाली पुष्कळदा खच्चून भरलेल्या असतात, पण पालापाचोळा धरणातच अडकल्याने तो कुरतडून खाणारे कीटक कमी होतात. म्हणून प्रकार मोजावेत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि हमखास राहून जाणारी, नोंद काठाची आहे. विजेची मागणी वाढली की जनित्रे चालतात, पाणी चढते आणि मागणी ओसरताच उतरते. पाण्याच्या रेषेलगत गोट्यांना चिकटवलेली अंडी मग उघडी पडून वाळतात. अमेरिकेतील ग्लेन कॅन्यन धरणातून 2018 च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पाणी कमी व स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला, तो ही अंडी ओली राहावीत यासाठीच. खुणा केलेली काठी रोवून दिवसभर दर तासाला पातळी लिहावी आणि ओल्या-कोरड्या पट्ट्याची रुंदी मोजावी. भोंगा वाजला किंवा पाणी चढताना दिसले, तर सामान सोडून तत्काळ काठावर यावे.

ओळखीपुरते मोजके नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून उरलेले तेथेच सोडावेत. बाटलीतील चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.