वृक्षारोपण सप्टेंबरात नको: चर्च आणि घरातल्या या चुका टाळा

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, अनेक चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात. त्याच काळात झाडं लावायची, ही आपल्या वसईतली नेहमीची चूक. तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो. रोप मूळ धरतं न धरतं तोच ऑक्टोबरचं ऊन तापतं. जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की लावा. सप्टेंबरात त्याच रोपांना आळी करा, पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. एप्रिल-मेमध्ये पाणी कोणतं कुटुंब घालणार, हे खड्डा खणतानाच ठरवा. गुलमोहर नको, वाऱ्यात फांद्या मोडतात. उंडी, करंज, बकुळ लावा.

दुसरी चूक वेदीच्या फुलांतली. सजावट उतरवताना खालची हिरवी फोमची वीट हातात घेऊन बघा. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बारीक चुरा नखांत भरतो. मातीसारखा दिसतो म्हणून आपण तो फुलांबरोबर खताच्या खड्ड्यात टाकतो, पण तो प्लास्टिकचा प्रकार आहे, कुजत नाही, आणि एकदा खतात मिसळला की वेचून काढता येत नाही. त्याऐवजी पितळी कलशात तारेच्या जाळीचा गोळा बसवा. देठं छान उभी राहतात आणि तोच गोळा वर्षानुवर्षं चालतो.

नाताळच्या गोठ्याला थर्माकोल नकोच. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. पेंढा आणि झावळ्या आपल्याकडे आहेतच. सणाच्या जेवणाला कागदी कप आणले म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. स्टीलचे पेले काढा, जेवण केळीच्या पानावर वाढा.

सगळ्यात मोठी चूक मात्र घराच्या आवारात होते. गाडी लावायला, मंडपाला जागा हवी म्हणून बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं, बुजवतात. पावसाचं पाणी त्यात साठून जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या. बावखल गेलं की मुरणारं गोड पाणी घटतं आणि विहीर खारी व्हायची भीती वाढते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. आपल्या वाडीत ही राखण बावखलापासून सुरू होते. भराव घातला असेल तर या उन्हाळ्यात निदान एक कोपरा उकरा, गाळ काढून वाडीला घाला आणि छपराचं पाणी तिकडे वळवा.