जुनी मॅन्युअल लेन्स नव्या कॅमेऱ्यावर

हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स स्वस्तात मिळाली तर घ्याच, फक्त आधी टॉर्च मारून आत बुरशी नाही ना ते बघा. ही ५८ एमएम एफ/२, एम४२ आट्यांची (४२ एमएमच्या स्क्रूने बसणारी), त्यामुळे मिररलेस कॅमेऱ्याला साधा अ‍ॅडाप्टर लागतो, आणि कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही म्हणून मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करायचा, नाहीतर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच निघत नाही. निकॉन डीएसएलआरवाल्यांनी मात्र जपून, आत काच असलेल्या अ‍ॅडाप्टरशिवाय लांबचा फोकस लागत नाही.

आता खरी मजा, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी जा, अ‍ॅपर्चरची रिंग एफ/२ वर, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगात दाखवणारी सोय) चालू, स्क्रीनवर समोरच्याच्या डोळ्यावर झूम करून हळू फोकसची रिंग फिरवा, मागचे पाळण्यांचे दिवे असे गोल गोल फुलतात ना, बघतच राहावं! दुपारी सिद्धेश्वर तलावाकाठी एफ/८ ठेवा आणि सूर्यासमोर हूड लावा.