रेट लॉक करायचाय? आधी कॅलेंडर काढा

न्यू जर्सीत घर घ्यायला निघालेल्या मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आत्ता लॉक करू, की दर उतरायची वाट पाहू?" लॉक म्हणजे गृहकर्जाचा आजचा व्याजदर ठरावीक दिवसांसाठी पक्का करून घेणं. मी उलट विचारतो, क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर आपल्या नावावर होण्याचा दिवस, कधी आहे? "महिनाअखेरीस, बहुतेक," असं उत्तर आलं की वही उघडायची.

क्लोजिंगची तारीख लिहा आणि तिथून मागे मोजत या. इथे करारावर सह्या झाल्या की कामाचे तीन दिवस अटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलांनी करार तपासायचे असतात. ते लांबतातही, आणि तेवढ्यात सौदा मोडूही शकतो. म्हणून त्याआधी लॉकची घाई नको. मग इन्स्पेक्शन (घराची तपासणी), अप्रेझल (घराची किंमत ठरवणं), टायटल (मालकीची कागदपत्रं तपासणं), अंडररायटिंग (कर्जाच्या अर्जाची छाननी). क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या अंतिम अटींचा आणि खर्चाचा कागद, तर किमान तीन कामाचे दिवस आधी हातात पडावंच लागतं. या सगळ्यावर आठवडाभर जास्तीचा धरा. लॉक साधारणपणे 30, 45 किंवा 60 दिवसांचे मिळतात. मुदत लांब तसा तो महाग. तरी 30 की 45 अशा घोळात असलेल्याला मी 45च सांगतो.

कारण आमचाच अनुभव. आम्ही हुशारीने 30 दिवसांचा घेतला. आई-बाबांनी पुण्यात एफडी मोडून डाउन पेमेंटला हातभार लावला, पण बाबांची सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळेना. पैसे आले, तर लेंडरला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, गिफ्ट लेटर (हे पैसे भेट आहेत, उसने नाहीत असं पत्र) हवं, बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट हवं. लॉक दोन दिवसांनी कमी पडला आणि मुदतवाढीचे पैसे आमच्याच खिशातून गेले. भारतातून पैसे येणार असतील तर आधी ते खात्यात येऊ द्या, लॉक मागाहून.

लेंडरकडून काही गोष्टी लेखी घ्या: मुदतवाढीला किती लागतील, उशीर त्यांच्यामुळे झाला तर ते कोण भरणार, आणि फ्लोट डाउन आहे का, म्हणजे दर उतरले तर आपलाही उतरेल का. लोन एस्टिमेटच्या, म्हणजे लेंडर देतो त्या कर्जाच्या अंदाजपत्रकाच्या, पहिल्या पानावर वरच्या बाजूला दर लॉक आहे की नाही आणि कधीपर्यंत, हे छापलेलं असतं. फोनवरचं "हो हो, लॉक केलाय" धरू नका, ते पान बघा. दर कमी दिसला तर पॉइंट्सही बघा. दर कमी करून घ्यायला आगाऊ भरायची ही रक्कम; एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का.

आता दर उतरायची वाट. सप्टेंबर 2024 मध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरवला, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेच्या साप्ताहिक आकड्यांत 30 वर्षांच्या फिक्स्ड कर्जाचा सरासरी दर त्या महिन्याअखेरीस 6.08 टक्के होता. नोव्हेंबरात तो 6.84 वर गेला. चार लाख डॉलरच्या कर्जावर हा फरक महिन्याला साधारण 200 डॉलर होतो. गृहकर्जाचे दर दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या मागे जातात, फेडच्या बैठकीआधीच बाजार हिशेब करून बसलेला असतो. तेव्हा हप्ता झेपतोय आणि तारीख पक्की आहे, तर लॉक करून मोकळे व्हा.

लॉक झाल्यावर नोकरी बदलू नका, नवीन गाडी कर्जावर घेऊ नका. सोफासुद्धा हप्त्यांवर नको. क्रेडिट स्कोअर किंवा उत्पन्न हललं तर लॉक केलेला दरही हलू शकतो. पहिला महिना सतरंजीवर काढा.