रेकॉर्डिंग रास्पबेरी पायवर अडकतंय? आधी वायर टाका

आमचं फोंड्याचं घर जाड चिऱ्यांचं. हॉलमधल्या पीसीवर रेकॉर्ड केलेली मालिका आई आतल्या खोलीत रास्पबेरी पायवर (हा एक छोटा संगणक) लावायची आणि चित्र सारखं थांबायचं. पाय जुना झाला असं वाटलं होतं. दोष वायफायचा निघाला.

१. पीसी आणि पाय, दोन्ही लॅन केबलने राउटरला जोडा. केबल खिडकीच्या चौकटीतून नेली तर भिंत फोडावी लागत नाही. पाय ३ चा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, एचडी रेकॉर्डिंगला तो भरपूर झाला.

२. तरीही अडकलं तर पायवरच्या कोडी २१ मध्ये (व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर) सेटिंग्ज, सर्व्हिसेस, कॅशिंग इथे मेमरी वाढवा.

पाय मेनूतूनच बंद करा. थेट प्लग ओढला तर मेमरी कार्ड बिघडू शकतं.